मॅनेजरला ठेवा किंवा काढा, पण ठेवल्यासारखं करू नका

प्रश्न असा आहे: संघ हरतोय, गुणतालिकेत घसरतोय, प्रेक्षक ओरडतायत. अशा वेळी फुटबॉल क्लबने मॅनेजरला, म्हणजे संघ चालवणाऱ्या कोचला, ठेवावं की घरी पाठवावं? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न: इंग्लंडमध्ये आर्सेनलने अर्टेटाला सांभाळलं, मँचेस्टर युनायटेडने एकेकाळी फर्ग्युसनला सांभाळलं, मग टेन हागच्या बाबतीत तोच संयम युनायटेडच्या अंगाशी का आला?

मी कोचिंगमध्ये आहे. जिल्ह्याच्या आणि राज्याच्या लीगमधले संघ सांभाळले, अकादमीत पोरं घडवली, काही काळ मोठ्या संघात सहायक होतो. हंगाम निम्मा झाल्यावर दुसऱ्याच्या जागी उभं राहण्याची वेळही आली आहे. तेव्हा उत्तर मैदानाच्या कडेवरून देतोय असं समजा. माझं मत आधीच सांगून टाकतो. ठेवणं चालतं, काढणंही चालतं. ठेवल्यासारखं करणं मात्र अजिबात चालत नाही, आणि बहुतेक क्लब नेमकं तेच करतात.

फर्ग्युसनचं आधी निकालात काढू, कारण या वादात ते उदाहरण हुकमाच्या एक्क्यासारखं टाकलं जातं. सप्टेंबर १९८९मध्ये मेन रोड या आपल्या मैदानावर मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५-१ धुतलं. डिसेंबरमध्ये युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या स्टँडमध्ये ‘तीन वर्षं सबबी ऐकल्या, आता पुरे’ अशा अर्थाचा फलक झळकला. मग ७ जानेवारी १९९०ला एफए कपात (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध मार्क रॉबिन्सने गोल केला आणि म्हणे फर्ग्युसनची नोकरी वाचली. त्या वर्षी युनायटेड लीगमध्ये १३वं आलं आणि कप जिंकलं. गोष्ट फक्कड आहे. पण तिच्यातून ‘थांबलं की फळ मिळतं’ एवढंच उचलणं चूक आहे. फर्ग्युसन अॅबर्डीनसारख्या संघाला १९८३मध्ये रेआल माद्रिदविरुद्ध युरोपियन कप विनर्स कप जिंकून देऊन आला होता. युनायटेडला १९८७-८८मध्ये त्याने दुसऱ्या क्रमांकावर नेलं होतं. खेळाडूंच्या दारूपार्ट्यांवर त्याने हात घातला होता आणि पोरं शोधण्याची यंत्रणा नव्याने उभी केली होती. पुढे युनायटेडचा मोठा खेळाडू झालेल्या गिग्जच्या घरी तो त्याच्या चौदाव्या वाढदिवशी स्वतः गेला होता. म्हणजे गुणतालिकेत न दिसणारं काम चालू होतं आणि चेअरमन मार्टिन एडवर्ड्सना ते दिसत होतं. ज्यांना असंच सांभाळलं आणि जे संघाला घेऊन बुडाले, त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही, एवढाच फरक.

उलट बाजूचा भ्रमही तेवढाच पक्का आहे: ‘नवा कोच आला आणि संघ जिंकायला लागला’. कोचला काढतात कधी? लागोपाठ हरल्यावर. लागोपाठ हरलेला संघ बहुतेक वेळा थोडा सावरतोच, कोच तोच राहिला तरी. बास टेर वेल या डच अर्थतज्ज्ञाने नेदरलँड्सच्या लीगचे १९८६ ते २००४ हे हंगाम तपासले. तशाच घसरणीत सापडूनही कोच न बदललेले क्लब आणि बदललेले क्लब त्याने शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींची सावरण्याची चाल जवळपास सारखी निघाली. आमच्या धंद्यातल्या लोकांना हे ऐकायला आवडत नाही, कारण मधेच आलेल्या कोचला त्या तीन-चार विजयांवरच पुढचं काँट्रॅक्ट मिळतं.

मग पाहायचं काय? खेळ. गुण शेवटी पाहायचे.

२०१४-१५मध्ये क्लॉपचं डॉर्टमुंड फेब्रुवारीच्या सुरुवातीला बुंडेसलीगात तळाला होतं. अठरापैकी अठरावं. पण सामने बघितलेत तर संधी तेच जास्त निर्माण करत होते. समोरचा संघ एकदा पुढे यायचा आणि गोल करून जायचा. हल्ली एक्सजी, म्हणजे कुठून मारलेला फटका किती वेळा गोल होतो याचा हिशोब, कोणत्याही अॅपवर मिळतो. त्या हिशोबाने डॉर्टमुंड तळाचा संघ नव्हताच. क्लबने क्लॉपला हात लावला नाही आणि संघ सातवा आला. त्या हंगामाअखेर तो स्वतःहून गेला, आणि लिव्हरपूलच्या आकडेवाल्यांनी त्याला घेण्याआधी हेच सामने पुन्हा तपासले.

टेन हागच्या २०२३-२४च्या युनायटेडचं चित्र बरोबर उलटं होतं. निकाल खेळापेक्षा बरे होते! लीगमध्ये आठवा क्रमांक, तोही ५७ गोल करून आणि ५८ खाऊन. ३० मार्च २०२४ला ब्रेंटफर्डने त्यांच्यावर ३१ फटके मारले आणि सामना १-१ सुटला. पाचच दिवसांनी चेल्सीविरुद्ध नव्याण्णवाव्या मिनिटाला ३-२ पुढे असताना ४-३ हरले. एफए कपच्या उपांत्य फेरीत कोव्हेंट्रीविरुद्ध ३-० आघाडी घालवली, आणि जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी कोव्हेंट्रीचा चौथा गोल व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय देणाऱ्या पंचाने) केसभर ऑफसाइड दिला म्हणून पेनल्टीवर वाचले. हे नशीब नव्हतं, रचनाच तशी होती. पुढचे चार-पाच जण वर जाऊन प्रेसिंग करायचे, म्हणजे चेंडू हिसकायला अंगावर धावायचे, बचावफळी मात्र आपल्या पेनल्टी बॉक्सच्या आसपास बसून राहायची. मधे कासेमिरोच्या वयाच्या माणसाला इतकं मैदान एकट्याने सांभाळायला दिलं होतं की कोणीही चेंडू घेऊन चालत जावं. लिसांड्रो मार्तिनेझ आणि ल्यूक शॉ हंगामाचा बराच काळ जायबंदी होते, ही टेन हागची सबब खरी होती. मेमध्ये पॅलेसकडून ४-० हरताना कासेमिरोलाच सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळवायची वेळ आली. पण मधली मोकळी जागा दुखापतींमुळे तयार झाली नव्हती.

आणि मग २५ मेला वेम्ब्लीवर गार्नाचो आणि मेनू यांच्या गोलांवर त्यांनी सिटीला २-१ हरवलं. कप जिंकला.

घोटाळा इथे झाला. जिम रॅटक्लिफने फेब्रुवारीत क्लबचा हिस्सा विकत घेऊन फुटबॉलचा कारभार हातात घेतला होता. नवा सीईओ बेराडा आणि स्पोर्टिंग डायरेक्टर अॅशवर्थ रुजू व्हायचे होते. पहिला मोठा निर्णय समोर उभा आणि तो निस्तरायला ज्यांना आणलं तेच अजून खुर्चीत नाहीत. क्लब टुकेल या दुसऱ्या कोचशी बोललं, आणि हे खुद्द टेन हागनेच नंतर डच टीव्हीला सांगितलं. सुट्टीवर असताना क्लबचे लोक भेटायला आले आणि म्हणाले, तुलाच ठेवतोय. ४ जुलैला करार २०२६पर्यंत वाढवला.

तुम्ही खेळाडू आहात असं समजा. जूनभर वाचताय की मालक दुसरा कोच शोधतायत. जुलैत तोच कोच समोर उभा राहून सांगतो, पुढची दोन वर्षं माझी. कोण मनावर घेईल? वर, ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यासाठी खरेदीही सुरू झाली: डी लिख्ट, मझरावी, झिर्क्झी, योरो, उगार्ते. पहिले दोघे त्याच्या आयाक्सच्या दिवसांतले. नऊ सामन्यांत अकरा गुण, चौदावा क्रमांक, आणि वेस्ट हॅमकडून हरल्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ ऑक्टोबर २०२४ला, हकालपट्टी. क्लबच्या हिशोबात टेन हाग आणि त्याच्या माणसांना घालवण्याचा खर्च एक कोटी चार लाख पौंड लागला. त्याच्या जागी आणलेल्या अमोरिमला पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून सोडवायला एक कोटी दहा लाख युरो गेले. अॅशवर्थ डिसेंबरमध्ये गेला, त्याचा खर्च वेगळा.

पैशापेक्षा मोठं नुकसान दुसरं. अमोरिम तीन सेंटर-बॅकचा खेळ खेळवणारा. संघ मागे चार बचावपटू ठेवून खेळण्यासाठी विकत घेतलेला. त्याला हंगाम संपल्यावर यायचं होतं, पण आत्ता नाही तर कधीच नाही असं सांगण्यात आल्याचं तो नंतर म्हणाला. प्री-सीझन नाही, आठवड्याला दोन सामने, सराव म्हणजे फक्त थकवा उतरवणं. हंगामाअखेर युनायटेड ४२ गुणांवर, पंधरावं. जून २०२४मध्ये टेन हागला काढलं असतं तर येणाऱ्याला सहा आठवडे आणि पूर्ण खरेदीची खिडकी मिळाली असती. मनापासून ठेवलं असतं, टुकेलकडे न जाता, तरी बहुधा तो टिकला नसताच, पण निदान खेळाडूंना सबब मिळाली नसती. त्यांनी दोन्ही पर्यायांतलं वाईट तेवढं उचललं.

त्याच्याच शेजारी टॉटनहॅम ठेवून बघा. पोस्टेकोग्लूने मे २०२५मध्ये युरोपा लीग जिंकून दिली, तीही याच युनायटेडला अंतिम सामन्यात १-० हरवून. क्लबची सतरा वर्षांतली पहिली ट्रॉफी. लीगमध्ये मात्र बावीस पराभव आणि सतरावा क्रमांक. टॉटनहॅमने सोळा दिवसांत त्याला निरोप दिला. लोकांनी शिव्या घातल्या. मला विचाराल तर कप आणि लीग यांचा हिशोब वेगळा मांडण्याची अक्कल तरी त्यांनी दाखवली. बाद पद्धतीत पाच-सहा रात्री चांगल्या गेल्या की कप येतो. अडतीस सामने मात्र लपवता येत नाहीत.

आता आर्सेनल. डिसेंबर २०२०, १४ सामन्यांत १४ गुण, ख्रिसमसला पंधरावे. अर्टेटाकडे तेव्हा दाखवायला फक्त ऑगस्टमधला एफए कप. म्हणजे कागदावर टेन हागसारखीच स्थिती, तरी मी म्हणेन ठेवणं बरोबर होतं, आणि हे मी निकाल बघून म्हणत नाही. गोल खाण्याचं प्रमाण ताब्यात होतं. संघाला गोल करता येत नव्हते. बंद बचाव असलेल्या संघाला गोल करायला शिकवणं हे मधे खिंडार असलेल्या संघाला शिवण्यापेक्षा सोपं असतं. दुसरं म्हणजे, क्लबने त्याच सप्टेंबरमध्ये त्याचं पद हेड कोचवरून मॅनेजर केलं होतं, म्हणजे मैदानाबाहेरच्या निर्णयांतही त्याचा शब्द आला. अधिकार आधी दिले, परीक्षा नंतर आली.

२६ डिसेंबरला चेल्सीविरुद्ध त्याने एमिल स्मिथ रो या वीस वर्षांच्या पोराला मधे खेळवलं आणि आर्सेनल ३-१ जिंकलं. तो सामना सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ‘ठेवलं’ याचा खरा अर्थ पुढच्या महिन्यात दिसला. ओझिल, मुस्ताफी, सॉक्रेटिस, सगळे जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर. वर्षभराने ओबामेयांगचं कर्णधारपद काढलं आणि त्यालाही जाऊ दिलं. क्लबचा सगळ्यात महागडा माणूस आणि कोच यांच्यात जुंपली तेव्हा क्लब कोचच्या बाजूने उभं राहिलं. २०२१च्या उन्हाळ्यात सहा खेळाडू घेतले, सगळे तेवीस किंवा त्याहून लहान. त्यानंतरही पहिले तीन सामने हरले, तिसऱ्यात सिटीकडून पाच गोल खाऊन. तरी कोणी कुजबुजलं नाही. त्या वर्षी पाचवे, आणि पुढची तीन वर्षं दुसरे. एवढं करायची तयारी नसेल तर ‘आम्ही अर्टेटासारखा संयम ठेवतोय’ असं म्हणू नये.

ड्रेसिंग रूम हातातून गेली हे कसं ओळखायचं, हे लोक फार विचारतात. वर्तमानपत्रात येतं ते भांडण. भांडणाची मला फारशी भीती वाटत नाही. एका क्लबमध्ये मी सहायक असताना पराभवांची रांग लागली होती. मंगळवारच्या सरावात मुख्य कोचने शिट्टी मारून खेळ थांबवला, डाव्या सेंटर-बॅकला दंडाला धरून पाच पावलं पुढे उभं केलं आणि सांगितलं, लाइन इथे हवी. पोरगा म्हणाला, हो सर. सर पाठ फिरवून टचलाइनकडे निघाले आणि पोराने कॅप्टनकडे पाहिलं. कॅप्टनने कमरेपाशी तळहात खाली दाबला. मागे राहा. पोरगा मागे सरकला. खेळ सुरू. आवाज नाही, उद्धटपणा नाही, ‘हो सर’सुद्धा आलं. त्या क्षणी तो संघ दुसऱ्याच माणसाचा झाला होता. अशा वेळी कोच कितीही शहाणा असो, त्याचं शहाणपण मैदानापर्यंत पोचत नाही. तिथे दोनच मार्ग उरतात, कॅप्टन जाईल किंवा कोच. आणि हंगामाच्या मध्यावर जातो तो कोच, कारण कॅप्टनला विकायला गिऱ्हाईक लागतं.

रेलिगेशनच्या, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याच्या, दाढेत असलेल्या क्लबचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे, आणि इथे मी निष्ठुर होतो. २०१५-१६ला लेस्टरला विजेतेपद मिळवून देणाऱ्या रानिएरीला २३ फेब्रुवारी २०१७ला काढलं तेव्हा जगभर हळहळ झाली. कोल्हापुरात पेठेचा संघ दोन सामने हरला की संध्याकाळी कट्ट्यावर कोच बदललेला असतो, तिथेही रानिएरीसाठी माणसं हळहळली. पण लेस्टर सतराव्या क्रमांकावर होतं, खाली जाणाऱ्या तीन जागांपेक्षा एका गुणाने वर, १३ सामने शिल्लक. कांटे चेल्सीला गेल्यावर रानिएरी नवनव्या रचना लावत होता. सहायक क्रेग शेक्सपियरने आल्या आल्या काही शोध लावला नाही. जुनं ४-४-२, मागे घट्ट बसणं, वार्डीसाठी लांब चेंडू. लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले आणि बाराव्या क्रमांकावर संपवलं. मग क्लबने काय केलं? जूनमध्ये त्यालाच तीन वर्षांचा करार दिला आणि ऑक्टोबरमध्ये काढून टाकलं. आग विझवायला बोलावलेल्या माणसाला घर बांधायला सांगितलं की असं होतं.

उशीर केलात तर तेही हाती लागत नाही. बर्नलीने शॉन डाइशला एप्रिल २०२२मध्ये काढलं, आठ सामने उरले असताना. माइक जॅक्सनने पहिल्या चारांत दहा गुण आणले, शेवटच्या चारांत एक, आणि संघ खाली गेला. आणि कधी कधी कोच बदलून काहीच होत नाही, कारण संघच त्या पातळीचा नसतो. २०२४-२५चं साउथॅम्प्टन आठवा. रसेल मार्टिनकडे सोळा सामन्यांत पाच गुण होते. डिसेंबरमध्ये युरिच आला, आणि सात सामने उरले असतानाच रेलिगेशन नक्की झालं. अख्ख्या हंगामात बारा गुण. तिथे मार्टिनला ठेवून पुढच्या वर्षाची तयारी केली असती तर निदान भरपाईचे पैसे वाचले असते.

आपल्याकडे हा हिशोब वेगळा पडतो. इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल) २०२०-२१ला लोबेराने मुंबई सिटीला शील्ड (साखळीत पहिलं आल्याबद्दल) आणि ट्रॉफी (प्लेऑफ जिंकल्याबद्दल) दोन्ही जिंकून दिली आणि तो गेला. त्याच्या जागी डेस बकिंगहॅम आला. २०२१-२२, सगळे सामने गोव्यात बायो-बबलमध्ये, मुंबई ३१ गुणांवर पाचवी, प्लेऑफ हुकली. विजेत्या संघाचं हे हसंच होतं. क्लबने त्याला ठेवलं. आयएसएलमध्ये तेव्हा खाली जाण्याची भीती नव्हती, म्हणून संयम स्वस्त होता, हे मान्य. पण क्लबने नुसतं ठेवलं नाही, उन्हाळ्यात ग्रेग स्टुअर्ट, परेरा दियाझ, नोगेरा अशी त्याच्या खेळात बसणारी माणसं आणून दिली. २०२२-२३ला वीस सामन्यांत ४६ गुण, सलग अठरा सामने अपराजित, आणि शील्ड. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला, त्याच्या जागी क्रात्की आला आणि सहा महिन्यांत त्याने आयएसएल ट्रॉफी जिंकून दिली. तेव्हा सिटी फुटबॉल ग्रुप मालक असल्याने खेळ कसा खेळायचा हे क्लबचं ठरलेलं होतं, त्यामुळे माणूस बदलला तरी संघ मोडावा लागला नाही. युनायटेडकडे टेन हागच्या जागी अमोरिम येताना नेमकी हीच गोष्ट नव्हती.

त्यामुळे एखादा चेअरमन मला विचारतो तेव्हा मी मॅनेजरबद्दल बोलतच नाही. विचारतो, उद्या सकाळी त्याच्या जागी कोण येणार आहे, नाव सांगा. नाव नसेल तर काढू नका. नाव असेल आणि तो आत्ताच्याच खेळाडूंना घेऊन खेळवू शकत असेल तर नोव्हेंबरच्या आंतरराष्ट्रीय ब्रेकमध्ये काढा. नव्या माणसाला दोन आठवडे सराव मिळतो आणि पुढे जानेवारीची खरेदी असते. फेब्रुवारी उलटल्यावर फक्त रेलिगेशन टाळण्यासाठी, तेही करार मेपर्यंतचाच करून.

आणि ठेवायचं ठरलं तर चेअरमनने पत्रकारांसमोर ‘आमचा पूर्ण विश्वास आहे’ हे वाक्य उच्चारू नये. त्या वाक्याचा अर्थ प्रत्येक खेळाडूला ठाऊक असतो. त्याऐवजी सोमवारी सरावाला जावं, कोचला शेजारी उभं करून खेळाडूंना सांगावं की पुढच्या हंगामाचा संघ हाच माणूस निवडणार आहे आणि कोणाला पटत नसेल त्याच्या एजंटने आजच फोन करावा. आणि फोन आलाच, तर तो खेळाडू खरंच विकावा.